ताईसाहेबांच्या बाह्या

ताईसाहेबांनी आमच्या फॅशन डिझायनिंगच्या क्लासमध्ये पहिल्यांदा कैची चालवली तेव्हा एक काप घेतला, थांबल्या आणि मान वर करून हसऱ्या चेहऱ्यानं समोर बघत राहिल्या. समोर भिंत होती. भिंतीवर मापांचा तक्ता होता. आम्हाला वाटलं, पुढं कुठं कापायचं ते विसरल्या. मॅडमनी विचारलं, "ताई, काय झालं?" तशा त्या दचकल्या आणि पुन्हा कापू लागल्या. पुन्हा एक काप, पुन्हा मान वर. मांजरपाटाचा एक तुकडा कापून होईपर्यंत त्या अशा कितीतरी वेळा भिंतीकडं बघून हसल्या. चहाच्या सुट्टीत मी विचारलंच. त्या म्हणाल्या, "सवय हाय ओ. फीत कापली की फोटोवाल्याला टाइम द्यावा लागतो."

ताईसाहेब जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीच्या माजी सभापती. जागा महिलांसाठी राखीव निघाली आणि त्या बिनविरोध निवडून आल्या. अडीच वर्षं खुर्चीत त्या बसल्या आणि बोलले त्यांचे यजमान, ज्यांना सगळा तालुका आणि घरात त्या स्वतःही आण्णा म्हणत. मुदत संपली, पुढच्या निवडणुका लांबत गेल्या, खुर्चीत प्रशासक येऊन बसला. आण्णांकडं माणसं पूर्वीसारखीच येत राहिली. ताईसाहेबांकडं कुणी येईना. "काम मला आधीबी नव्हतं," त्या एकदा मला म्हणाल्या, "पण खुर्चीत बसल्यावर ते दिसत न्हाई." फॅशन डिझायनिंगच का निवडलं, असं क्लासमधल्या एका पोरीनं विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "अडीच वर्षं कैची हातात होती. म्हनलं, फितीच्या पुढं काय असतंय ते बघावं."

मी चौसाळ्याची. हायवेला लागून माझं फॉल-पिकोचं दुकान आहे, ब्लाऊजही शिवते. हल्ली मुली मोबाइलवर चित्र दाखवतात आणि 'असंच पाहिजे' म्हणतात. चित्रातली बाई कशी उभी असते आणि आमची गिऱ्हाइकं कशी उभी राहतात, हे समजावण्यात माझा अर्धा दिवस जायला लागला तेव्हा मी बीडचा शनिवार-रविवारचा कोर्स लावला. क्लास बसस्टँडच्या मागं, एका खताच्या दुकानाच्या माडीवर. वर्गात बाकी सगळ्या कॉलेजातल्या पोरी, पोक्त अशा आम्ही दोघीच, मागच्या टेबलावर. मला पुढारी लोकांचा मुळात कंटाळा आहे. त्यांच्या गाड्या माझ्या दुकानासमोर उभ्या राहतात आणि आतलं गिऱ्हाईक बाहेर पडू शकत नाही. म्हणून पहिल्या दिवशी मी माझी खुर्ची जरा लांब ओढून घेतली. ताईसाहेबांनी त्यांची माझ्याजवळ ओढली. "मला एकटं बसायची सवय न्हाई," म्हणाल्या.

तशा त्या एकट्या कधीच नसत. पांढऱ्या गाडीतून त्यांच्याबरोबर दोन कार्यकर्ते यायचे आणि जिन्यात बसायचे. ताईसाहेब उठल्या की ते उठायचे, बसल्या की बसायचे. टाचणी खाली पडली तर दोघं मिळून शोधायचे. एकदा ताईसाहेबांनी कागदावर सरळ रेघ मारायला घेतली आणि ती मध्येच सिंदफणा नदीसारखी वळून गेली. दोघांतला मिशीवाला दारातूनच म्हणाला, "एक नंबर, ताईसाहेब." मॅडमनी त्या दिवशी जिन्याचं दार लावून घेतलं. ते दार पुन्हा उघडं राहिलं नाही, आणि आतल्या बाजूनं त्याबद्दल कुणी तक्रारही केली नाही.

मॅडम म्हणजे माझ्या थोरल्या लेकीच्या वयाची पोरगी. पुण्याला शिकून आलेली, अंगानं काडी, बोलायला त्याहून कमी. त्यांच्याकडं दोनच शेरे होते. काम बिघडलं असेल तर 'परत', आणि जमलं असेल तर 'चालतंय'. 'छान' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नव्हता. 'चालतंय' मिळालं की पोरी जिन्यात जाऊन आईला फोन करायच्या.

ताईसाहेबांचा एकच शब्द होता, 'मंजूर'. चहा सांगू का? मंजूर. पंखा बंद करू का? मंजूर. मॅडम म्हणाल्या, पुढच्या शनिवारी प्रत्येकीनं घरून एक झबलं शिवून आणा. मंजूर. पुढच्या शनिवारी त्यांनी पिशवीतून झबलं काढलं आणि सगळा वर्ग भोवती जमला. गळ्याची पट्टी अशी बसली होती की दुकानातलं वाटावं. मॅडमनी ते उलटं केलं, शिवणीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे कुणी शिवलं?"

"मीच. खाली सही हाय की."

खरंच होती. घेराच्या आतल्या बाजूला बॉलपेननं त्यांची सही होती, पूर्ण नावानिशी. शिवलं होतं त्यांच्या गावच्या नामदेव टेलरनं. आण्णांनी माणूस पाठवून करून घेतलं होतं. पण आपण खोटं बोलतोय असं ताईसाहेबांच्या चेहऱ्यावर कुठंही नव्हतं. दुसऱ्यानं केलेल्या कामाखाली त्यांची सही झाली की ते काम त्यांचं, हा त्यांचा अडीच वर्षांचा अनुभव होता, आणि सगळा तालुका तसंच मानत आला होता.

मॅडम म्हणाल्या, "सही तुमची आहे. टाके कुणाचे आहेत?"

ताईसाहेबांनीही शिवणीवरून बोट फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "टाके नामदेवचे हायेत."

"मग परत," मॅडम म्हणाल्या.

त्या दिवसापासून ताईसाहेब वर्गात बसून शिवायला लागल्या, आणि शिवण्यापेक्षा जास्त उसवायला. पहिल्यांदा मॅडमनी "हे उसवा" म्हटलं तेव्हा त्यांनी विचारलं, "कावून?" मॅडम म्हणाल्या, "चुकलंय म्हणून." ताईसाहेब माझ्याकडं वळल्या. "सुमन," म्हणाल्या, "मला चुकलं म्हनल्या त्या." मला वाटलं, आता रागावणार आणि जिन्यातली माणसं आत येणार. पण त्या अर्धं ब्लेड घेऊन एकेक टाका काढायला बसल्या, आणि काढता काढता त्यांच्या चेहऱ्यावर मोठं समाधान पसरत गेलं. "इतक्या वर्सांत माझं कायबी चुकलं न्हाई," त्या म्हणाल्या. "मला तवाच शंका येत हुती."

बाही हा त्यांचा खरा वैरी. बाही बसवली की मॅडम कपडा अंगावर घालायला लावायच्या आणि म्हणायच्या, "हात वर करा." हात सरळ वर गेला आणि कुठं ओढ बसली नाही, तर बाही बरोबर. पहिल्या वेळेला ताईसाहेबांनी हा हुकूम ऐकला आणि खूश झाल्या. "हे मला येतंय," म्हणाल्या. सभेत ठराव आला की मागच्या खुर्चीत बसलेले आण्णा खाकरायचे आणि ह्या हात वर करायच्या. ह्यांचा हात वर गेला की बाकीच्यांचे हात वर. ठराव कशाचा होता हे त्यांना कधी घरी गेल्यावर कळायचं, कधी पेपरात. वर्गात त्यांनी त्याच सराईतपणे हात वर केला आणि काखेतली शिवण टर्रकन उसवली. "ह्ये सभेत कधी झालं न्हाई," त्या म्हणाल्या.

हळूहळू काप घेतल्यावर मान वर करणं बंद झालं. आता त्या खाली बघायच्या, कापलेल्या काठावर, रेघ सोडून कैची कुठं गेली का ते. बोटांना टोचल्याच्या खुणा दिसायला लागल्या. एका दुपारी डबा खाताना त्या आपणहून बोलायला लागल्या.

"माझ्या घरात माझ्या हातचं असं कायच न्हाई बघ. सैपाकाला बाई हाय. भाषन आण्णा लिहून देत्यात. साड्या सगळ्या सत्काराच्या. बिनविरोध म्हंजे तर लोकांनी मतबी टाकलं न्हाई मला. एक बिलाऊज मला माझ्या हातचा पायजे. आन् मॅडमनी त्याला चालतंय म्हनलं पायजे. बाकी मला काय नको."

मी माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्यांच्या पोळीवर ठेवली. त्या दिवसापासून मला त्या मनापासून आवडायला लागल्या.

कोर्सच्या शेवटी परीक्षा होती. एक कपडा, कागदावरच्या आखणीपासून हुकापर्यंत, वर्गात बसून एकटीनं करायचा. परीक्षेच्या आदल्या रविवारी मी बसस्टँडवरून चालत आले तर क्लाससमोरच्या चौकात मोठा फ्लेक्स लागलेला. हात जोडलेल्या ताईसाहेब, शेजारी त्यांच्याहून मोठे आण्णा, आणि खाली लिहिलेलं की फॅशन डिझायनिंगच्या परीक्षेत प्रथम क्रमांक पटकावल्याबद्दल ताईसाहेबांचं हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुकांत जिन्यातले दोघंही फोटोसकट होते.

खताच्या दुकानाचे मालक तेच क्लासचे मालक. मॅडम त्यांना म्हणाल्या, "सर, परीक्षा व्हायची आहे अजून." मालक म्हणाले, "फ्लेक्सवाल्याकडं पुढं टाइमच न्हाई, मॅडम. लग्नसराई हाय."

ताईसाहेबांनी खिडकीतून फ्लेक्स बघितला आणि खुर्ची फिरवून त्याच्याकडं पाठ करून बसल्या. दिवसभर त्यांनी 'मंजूर' म्हटलं नाही. निघताना मला म्हणाल्या, "आता मॅडम चालतंय म्हनल्या तरी मला कसं कळायचं, मॅडम म्हनल्या का फ्लेक्स म्हनला?" मी म्हणाले, तुम्ही शिवा तर आधी. पण त्यांचं बरोबर होतं.

परीक्षेला त्यांनी साधं सुती डाळिंबी कापड आणलं. इतक्या सांभाळून त्यांनी वर्षभरात काम केलं नव्हतं, आणि तिथंच घात झाला. बाहीचा मुंढा, म्हणजे खांद्याला जोडायचा गोलवा, पुढून जास्त खोल असतो आणि मागून कमी, म्हणून दोन बाह्या एकमेकींच्या उलट कापाव्या लागतात. कापडाची घडी घालून दोन्ही एकदम कापल्या की ते आपोआप होतं. ताईसाहेबांना भीती वाटली की खालचा थर सरकेल. म्हणून त्यांनी आधी एक बाही कापली, आणि मग ती कापडावर ठेवून, त्याच बाजूनं, हुबेहूब तशीच दुसरी. दोन्ही उजव्या हाताच्या. मी शेजारीच बसले होते, पण परीक्षेत बोलायची मुभा नव्हती. नुसती नजरानजर झाली असती तरी मी सांगितलं असतं. पण त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

मॅडमनी ब्लाऊज घालून यायला सांगितलं. "हात वर करा."

उजवा हात सरळ वर गेला. डावा खांद्याच्या रेषेत येऊन थांबला. ताईसाहेबांनी जोर केला, तर कुठंतरी एक टाका तुटल्याचा आवाज आला. खाली आण्णांची गाडी पेढे घेऊन उभी होती. मालक जिन्याचं दार उघडून डोकावून गेले. मॅडमनी त्या अडकलेल्या हाताकडं बघितलं, खिडकीतून फ्लेक्सकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "परत."

ताईसाहेबांनी हात खाली घेतला. "मंजूर," म्हणाल्या. मग मोरीकडं गेल्या. बाहेर आल्या तेव्हा चेहरा धुतलेला होता आणि डोळे लाल होते. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मॅडमच म्हनल्या न्हाय? फ्लेक्स असं म्हनला नसता."

निकालाचा कार्यक्रम मंगल कार्यालयात ठेवला होता. पोरींनी आपापले कपडे घालून रॅम्पवर चालून दाखवलं. समोर पहिल्या रांगेत आण्णा, प्रमुख पाहुणे. मालकांनी मॅडमना निकाल बदलायला सांगितलं होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, "मी लिहिलंय ते लिहिलंय. जाहीर तुम्ही करा." मालकांनी केलं. प्रथम क्रमांक, ताईसाहेब. मागं हलगी कडाडली.

ताईसाहेब स्टेजवर गेल्या. अंगात तोच डाळिंबी ब्लाऊज होता. आण्णांनी ढाल पुढं केली. ताईसाहेबांनी ढाल न घेता माइक घेतला. हातात लिहून दिलेलं भाषण होतं, ते त्यांनी खुर्चीवर ठेवलं.

"मी नापास हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या हायेत. डावा हात वर जात न्हाई. हे बघा."

आणि त्यांनी सगळ्या कार्यालयासमोर दोन्ही हात वर करून दाखवले. एक गेला, एक अडकला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईसाहेब बोलून थांबल्या की टाळ्या वाजवायच्या, एवढं लोकांना पाठ होतं. हलगीवाल्यानंही पुन्हा सुरुवात केली. टाळ्या वाजवल्या नाहीत त्या फक्त मॅडमनी. त्या भिंतीला टेकून ओढणीनं डोळे पुसत होत्या. आण्णा ढाल हातात धरून उभे राहिले. ती कुठं ठेवायची हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

गाडीत आण्णा काय बोलले, हे मी पुढं विचारलं. "बीडपासून घरापत्तुर कायच न्हाई," ताईसाहेब म्हणाल्या. "मीच म्हनलं, पुढच्या बॅचला परत बसनार हाय. तरी गप्प. गाडी दारात लागली तवा म्हनले, मंजूर."

चौकातला फ्लेक्स दुसऱ्याच दिवशी उतरला. ज्यांनी लावला होता त्याच दोघांना ताईसाहेबांनी काढायला लावला. वाया काही गेलं नाही. शेतातल्या कडब्याच्या गंजीवर तो त्यांनी अंथरून घेतला. "आण्णांचा फोटो वरच्या अंगाला घेतलाय," त्यांनी मला सांगितलं. "पानी आत जात न्हाई."

मला 'चालतंय' मिळालं होतं, त्यामुळं माझं तिथलं काम संपलं. सामान आणायला गेले त्या दिवशी ताईसाहेब नव्या बॅचच्या पोरींत मागच्या टेबलावर बसल्या होत्या आणि शेजारची खुर्ची रिकामी होती. मला सोडायला त्या जिन्यापर्यंत आल्या. "आता माझ्याजवळ कोन बसंल?" म्हणाल्या. मला भरून आलं. मी म्हणाले, निघते, नाहीतर माझी गाडी जाईल. चौसाळ्याला जायला गाड्यांना काही तोटा नव्हता.

त्यानंतर त्या मला एकदाच भेटल्या. निवडणुका शेवटी लागल्या तेव्हाची गोष्ट. त्या निवडणुकीत ताईसाहेब थोडक्यात पडल्या, हे आधीच सांगून टाकते. निकालाच्या संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. "पडले," म्हणाल्या, "पन हायेत ती मतं लोकांनी सोता जाऊन टाकलेली हायेत." आवाज बसलेला होता, पण खचलेला नव्हता. मला सांगायचंय ते त्याच्याही आधीचं, अर्ज भरायला चार दिवस असतानाचं.

त्या सकाळी माझ्या दुकानासमोर पांढऱ्या गाड्यांचा ताफा थांबला. नेहमीप्रमाणं ओरडायला मी बाहेर आले, तर पहिल्या गाडीतून ताईसाहेब उतरल्या. देवीच्या दर्शनाला तुळजापूरला निघाल्या होत्या. कार्यकर्ते आता दोनाचे पुष्कळ झाले होते. सगळ्यांना बाहेर थांबवून त्या आत आल्या आणि काचेचं दार लोटून घेतलं.

"या टायमाला मी आण्णांना म्हनलं, बिनविरोध नको," त्या बसायच्या आधीच म्हणाल्या. "समोर कुनीतरी उभं ऱ्हाऊ द्या."

"मग?"

"दोघी उभ्या हायेत. पडंनबी मी."

मग त्यांनी पदर बाजूला केला. "हे बघ." डाळिंबी ब्लाऊज. तोच होता, बाह्या उसवून नव्या बसवलेल्या. जुन्या कापडाचा रंग धुऊन जरा उतरला होता आणि नव्या बाह्या गडद दिसत होत्या. मी विचारलं, मॅडम काय म्हणाल्या?

"परत म्हनल्या. मग परत म्हनल्या. लई येळा."

"आणि मग?"

त्यांनी पदर सारखा केला, पुन्हा बाजूला केला. "चालतंय म्हनल्या," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरले. माझेही भरले. मी ते लपवायला शिवणीवरून बोट फिरवायला घेतलं. "डाव्या खांद्याला एक चूण पडलीय बघा," मी म्हणाले.

"पडलीय न्हाय?" त्यांचा चेहरा उजळला. "इतकी मानसं संगं हायेत, येकानं सांगितलं न्हाई."

मी दोन पावलं मागं झाले. "हात वर करा."

ताईसाहेबांनी दोन्ही हात वर केले. दोन्ही सरळ वर गेले, कानांना लागून, कुठंही ओढ न बसता. काचेबाहेर उभ्या असलेल्या कार्यकर्त्यांनी ते बघितलं. आधी मिशीवाल्यानं हात वर केला, मग त्याच्या शेजारच्यानं, मग सगळ्यांनीच. हायवेच्या कडेला पांढऱ्या कपड्यांतली ती सगळी माणसं हात वर करून उभी राहिली, आणि कशासाठी ते एकानंही विचारलं नाही. ताईसाहेबांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्या मान वर करून स्वतःच्या डाव्या हाताकडं बघत होत्या.